पंख्यासमोरचं वाक्य

चष्म्याची तुटलेली दांडी घेऊन तो दुकानात आला, तेव्हा ती काचा घासत होती. दांडी बसेपर्यंत त्याने विचारलं, "तुम्हाला हिब्रू येतं?"

"ते काय असतं?"

तो इतका खूश झाला, की पैसे न देताच निघाला होता. तिने हाक मारून त्याला थांबवलं.

तो जुन्या हिब्रू धर्मग्रंथाचं भाषांतर करणाऱ्यांपैकी एक. त्यांच्याकडे एक रीत होती. वाक्य जमलं, की ते ग्रंथ न वाचलेल्या माणसाला वाचून दाखवायचं आणि त्याला काय समजलं ते त्याच्याच शब्दांत सांगायला लावायचं. वाचणाऱ्याने चकार शब्दाने समजावायचं नाही. त्या कामाला आता ती सापडली होती.

जेवणाच्या सुट्टीत ती त्याच्या कचेरीत जाऊ लागली. 'याकार' या एका शब्दाने मात्र दोघांनाही घाम फोडला. मुकुटातल्या रत्नाला तोच शब्द, पायाच्या दगडांना तोच, माणसाच्या जिवालाही तोच. ज्या दिवसांत देव क्वचितच बोलायचा, तेव्हाच्या त्याच्या शब्दालाही तोच. 'महाग' म्हटलं, तर ती म्हणे, म्हणजे परवडणार नाही. 'दुर्मीळ' म्हटलं, तर बाजारात मिळणार नाही. 'मौल्यवान' म्हटलं, तर कपाटात कुलूप लावून ठेवायचं.

"तुम्ही फार छळता," तो म्हणाला.

"मला जे समजलं ते सांगते... छळ तुमचा शब्द करतोय."

तिला उकडतं म्हणून तो रोज टेबलफॅन तिच्याकडे वळवी आणि रोज स्वतःचे कागद उडवून घेई. अशा माणसाच्या प्रेमात पडणं फारसं शहाणपणाचं नव्हतं, पण ती पडली होती. त्याच्या मनाचा मात्र थांग लागेना. आत्याने आणलेल्या स्थळाबद्दल तिने मुद्दाम सांगितलं, तेव्हा तो नुसतं "छान" म्हणाला आणि तीच ओळ दोनदा वाचत बसला.

काम संपायचा दिवस आला. आत्यालाही त्याच संध्याकाळी उत्तर हवं होतं. शेवटचं वाक्य राहिलं होतं, देवाने आपल्या लोकांना उद्देशून म्हटलेलं, आणि त्यातही तोच 'याकार'. त्याने पंखा वळवला, कागद हातात घेतला, घसा साफ केला.

"तू माझ्या नजरेत मोलाची आहेस."

एवढ्या दिवसांत त्याने तिला कधी 'तू' म्हटलं नव्हतं, आणि आताही वाक्य देवाचं होतं. मग तिचं लक्ष खाली गेलं.

"कागद उडालाय तुमचा."

"हो."

"कधी?"

"वाचायच्या आधीच."

"मग हे वाचलंत कुठून?"

"नियम आहे... मी समजावू शकत नाही." त्याचे कान लाल झाले होते. "तुम्हाला काय समजलं, ते सांगा."

तिने वाकून कागद उचलला, टेबलावर ठेवला आणि वर त्याची चष्म्याची डबी ठेवली.

"आत्याला नाही म्हणून कळवायचं," ती म्हणाली, "असं समजलं."

त्याने पहिल्यांदाच वाक्यात काही दुरुस्त केलं नाही.