गेलो नाही, गेले

तो दुकानात शिरला आणि खुंटीवर टांगलेल्या कोटाला त्यानं नमस्कार केला. "चष्मा तुटलाय हो, लगेच काही होईल का?" त्यानं कोटाला अगदी अदबीनं विचारलं. कोट काही बोलेना. काउंटरमागे उभ्या असलेल्या तिला हसू आवरेना. ओठ दाताखाली दाबत ती म्हणाली, "कोट बाबांचा आहे. दुकानही त्यांचंच. पण नंबर मी तपासते. इकडे या."

"म्हणजे मी मघापासून..."

"असू दे. इथे येणाऱ्यांना धड दिसत नाही, म्हणूनच तर ते येतात."

परक्या माणसाच्या डोळ्यांत इतक्या जवळून बघायची मुभा फार थोड्या कामांत मिळते. तिला त्याचं कधी काही वाटलं नव्हतं. आज मात्र ‘वर बघा... आता खाली’ म्हणताना तिचाच आवाज जरा अडखळला. त्याचे डोळे तपकिरी होते, आणि फारच शहाण्यासारखे ती म्हणेल तिकडे वळत होते.

मग तिनं जवळचं वाचायचा तक्ता त्याच्या हातात दिला.

"‘दुरवर डोंगर दिसतात,’" त्यानं वाचलं आणि थांबला. "यातला दू दीर्घ हवा."

"मग नंबर बरोबर लागला म्हणायचा."

तो मनापासून हसला. प्रकाशन संस्थेत संपादक होता म्हणे, लोकांच्या चुका काढून पोट भरत होता. ते ऐकलं आणि तिची नजर खाली वळली. काउंटरच्या खालच्या कप्प्यात तिची पहिली कादंबरी कधीची पडून होती. पण मनातलं आपल्या तोंडानं सांगायचं म्हटलं की तिची दातखीळ बसायची. तशीच आत्ताही बसली, आणि तोंडातून भलतंच बाहेर पडलं. "माझ्या ओळखीच्या एका मुलानं कादंबरी लिहिलीय. वाचाल?"

कादंबरीतल्या मुलाची आई गेलेली असते. तो आणि त्याचे वडील एकाच टेबलावर जेवतात आणि तिचं नावही काढत नाहीत. हे सगळं तिच्याच घरचं. बाबांना कळू नये म्हणून तिनं मुलीचा मुलगा केला होता आणि चष्म्याच्या दुकानाचं घड्याळाचं. एवढा चोख बंदोबस्त.

पुढच्या आठवड्यात तो कादंबरीचं बाड घेऊन परत आला तेव्हा बाहेर भुरभुर पाऊस होता. केस ओले, बाड मात्र कोरडं. त्यानं ते शर्टाच्या आत धरून आणलं होतं.

"तुमच्या त्या मुलाला सांगा, बरंचसं गोड गोड आहे. पण काही पानं अशी आहेत की..." त्यानं एक पान उघडलं. "हा सगळीकडे ‘मी गेलो’, ‘मी बसलो’ म्हणतो. आणि इथे बघा. ‘आईचा डबा उघडून मी तिथेच खाली बसले.’ इथे पुन्हा, ‘मी रडले.’ वाचताना जिथे जिथे मला पान उलटवेना, तिथे तिथे हा मुलगा मुलगी होतो."

तिचे कान तापले. "टायपिंगच्या चुका असतील."

"चुका मी ओळखतो," तो हळूच म्हणाला. "या पुस्तकात तेवढंच बरोबर आहे."

चोरी उघडकीस आली होती. तिला लाज वाटली, आणि लाजेच्या मागोमाग इतकं हलकं वाटलं की तिचं तिलाच नवल वाटलं.

मग तिनं कादंबरी पहिल्यापासून लिहायला घेतली. तिला वाटलं होतं, क्रियापदं बदलली की झालं. पण ‘गेलो’चं ‘गेले’ केलं की पुढचं वाक्यच उभं राहीना. मुलगा गप्प बसायचा तिथे मुलगी चिडायची, बापाशी भांडायची, आईवरसुद्धा रुसायची. संपादक दर आठवड्याला यायचा. त्याच्या चष्म्याचा स्क्रू ढिला व्हायचा म्हणे.

"हे वाक्य छान आहे," तो म्हणायचा.

"मग लाल रेघ का?"

"छान दिसायला बघतंय म्हणून."

"तुम्हीपण आज नवा शर्ट घालून आलात. मारू रेघ?"

बाबा कोपऱ्यात भिंग पुसत बसायचे. एकदा न राहवून म्हणाले, "संपादकसाहेब, तो स्क्रू मी ठोकून बसवू का? म्हणजे तुमचा हेलपाटा वाचेल." त्यावर दोघांनी इतक्या घाईनं "नको" म्हटलं की बाबांनी मान खाली घालून तेच भिंग पुन्हा पुसायला घेतलं.

बाड पुरं झालं तेव्हा तिनं आधी ते बाबांना दिलं. ते वाचून झाल्यावर बराच वेळ त्यांनी चष्मा काढला नाही.

"मला वाटायचं, तुला तिची आठवण नको. म्हणून बोलायचो नाही."

"आणि मला वाटायचं, तुम्हालाच नको."

"हं." बाबांनी नाक पुसलं. "आणि घड्याळं कशाला गं? आपल्याला काय कळतं त्यातलं? चष्मेच ठेव."

त्या रविवारी तिनं घड्याळांचे चष्मे केले आणि बाड संपादकाकडे पाठवलं.

मग मात्र आठवडा गेला तरी त्याचा पत्ता नाही. आला तेव्हा बाड काउंटरवर ठेवून तो उभाच राहिला. "हे माझ्याच्यानं होणार नाही. मी आमच्या संस्थेतल्या बाईंना द्यायचं म्हणतोय. त्या उत्तम संपादक आहेत."

"इतकं वाईट झालंय?"

"फार चांगलं झालंय. तोच तर घोळ आहे." तो काउंटरच्या कडेवरून बोट फिरवत राहिला. "कादंबरीतला, दुकानात येणारा तो माणूस... शेवटी तिला तो आवडत असतो, पण ती काही बोलत नाही आणि तो निघून जातो. संपादक म्हणून मला पटतं. तिच्या स्वभावाला धरून आहे. पण आठवडाभर मी त्याला परत बोलवायची निमित्तं शोधतोय. शेवट बदला म्हणून सांगायला निघालो होतो. अशा माणसाच्या हाती पुस्तक देऊ नये."

बाबा उठले, खुंटीवरचा कोट अंगात चढवला आणि बाहेर पडले.

तिनं बाड आपल्याकडे ओढलं. "शेवट बदलणार नाही. मी ते लिहिलं तेव्हा मी तशीच होते. ते खरं आहे, ते तसंच राहील."

"हो," तो म्हणाला. "राहायलाच हवं." आणि जायला वळला.

"थांबा ना." तिचा आवाज कापत होता. तिनं तो कापू दिला. "मला तुम्ही आवडता. खूप."

तो दाराशी तसाच उभा राहिला. चष्म्याआडचे तपकिरी डोळे ओले झाले होते. मग हसू दाबत म्हणाला, "हे वाक्य पुस्तकात का नाही?"

"कारण ते वाचकांसाठी नाहीच," ती म्हणाली.