कुठवर वाचलंत?

‘गुलालाआधी’ या कादंबरीबद्दल परभणी जिल्ह्यात दोन माणसांचं एकमत नव्हतं. कुणी म्हणे, असलं राजकीय रहस्य मराठवाड्यात आजवर कुणी लिहिलं नाही. कुणी म्हणे, शेवट पार गंडलाय. वाचकांच्या ग्रुपवर एकाने लिहिलं, दोन रात्री झोप लागली नाही. त्याखाली दुसऱ्याने लिहिलं, मला दुसऱ्याच पानाला लागली. लेखकाने टोपणनाव घेतलेलं, त्यामुळे तो आडोशाला बसून हे सगळं मजेत वाचत होता. मग त्याचं खरं नाव फुटलं आणि मजा संपली.

तो लेखक आता रेणुका पौळसमोर बसला होता.

रेणुकाची खासगी चौकशीची कचेरी परभणीत स्टेशनजवळ, एका झेरॉक्सच्या दुकानावर होती. कामं बहुतेक सोयरिकीची. मुलगा पितो का, मुलीचं आधी कुठे जमलं होतं का. सोबतीला मावसभाऊ परमेश्वर, एसटीतून निवृत्त झालेला. मनाने चांगला, डोक्याने सावकाश. गाडी उशिरा पोहोचली तरी पोहोचतेच, असं तो स्वतःबद्दल म्हणे.

“मी नागसेन वाव्हळे. सोनपेठला हायस्कूलवर मराठी शिकवत होतो. आता निलंबित आहे. कारण कागदावर वेगळं दाखवलंय, पण खरं कारण कादंबरी. त्यातला आमदार दादासाहेब म्हणजे आपणच, असं आमच्या संस्थेच्या अध्यक्षांना वाटतं.”

“आणि आहेत का ते?” रेणुकाने विचारलं.

नागसेनने मान खाली घातली. “थोडेफार.”

“तुमचं नाव कुणाकुणाला माहीत होतं?”

“प्रकाशक सोडला तर तिघांनाच म्हणा. टाइप करणारी प्रियांका, शाळेतला मित्र हरिओम सोळंके आणि माझी बायको धम्मशीला. मॅडम, नोकरी गेल्यात जमा आहे, ते कळतंय मला. पण बायकोनं चहाचा कप पुढं केला तरी मनात येतं, हिनंच तर सांगितलं नसंल? हरिओमशी तर बोलणंच टाकलंय. असं नाही जगता येत हो. कोण ते एकदा कळू द्या.”

“अध्यक्षांना नाव कळलंय, हे तुम्हाला कसं समजलं?”

“त्यांनी माझा सत्कार केला तेव्हा.”

परमेश्वर दचकला. “सत्कार? मग निलंबन कुणी केलं?”

“त्यांनीच. आधी संस्थेच्या वर्धापनदिनाला अचानक स्टेजवर बोलावून शाल घातली. म्हणाले, पुरात उडी घेऊन माणसं वाचवणारा पुढारी आमच्या सरांनी रंगवलाय, साहित्यात अशीच माणसं यायला पाहिजेत. मी घामाघूम झालो. थोड्या दिवसांनी निलंबनाचा कागद हातात पडला.”

कादंबरी रेणुकाने कधीच वाचून टाकली होती. परमेश्वरने मात्र नागसेनकडून एक प्रत मागून घेतली आणि दुसऱ्या दिवशी गंगाखेडच्या गाडीत ओळीवर बोट ठेवून वाचायला बसला.

गंगाखेडला प्रियांकाचं टायपिंगचं दुकान बाजारात होतं. कादंबरीचं नाव काढताच तिने आधी दार लोटलं.

“हळू बोला ताई, अध्यक्ष ह्याच गावात राहतात. अध्यक्षांच्या संस्थेची सगळी छपाई माझ्याकडं येती. असल्या पुस्तकात माझा हात हाय म्हणून कळलं तर दुकानाला कुलूपच. मी कशाला सांगायला जाऊ?”

“कशी वाटली कादंबरी?”

“आधी कंटाळा आला. निवडणूक, निवडणूक, नुसती निवडणूक. पण केरबा नावाड्याला दादासाहेबाची माणसं मारतात ना, तिथं टाइप करता करता रडू आलं. त्या गरिबानं काय केलं होतं ओ?”

सोनपेठच्या गाडीत परमेश्वर कुरकुरत होता. “केरबाला मारतात हे तिनं आधीच सांगून टाकलं. मी आताशी दादासाहेबाच्या सत्काराला आलोय. गुलाल उडायलाय, हलग्या वाजायल्यात. अजून निम्मं पुस्तक पडलंय.”

“वाच सावकाश. घाई कुणाला आहे?” रेणुका म्हणाली.

हरिओम सोळंके शाळेबाहेरच्या टपरीवर भेटले. कादंबरीचं नाव ऐकून त्यांनी तोंड वाकडं केलं.

“शेवट फसलाय. दादासाहेबच खुनी, हे मला आधीच ओळखू आलं. तसं नागसेनला तोंडावर सांगितलं, तर स्वारी रुसली. आता म्हणतो, मीच चुगली केली.”

“ग्रुपवर दुसऱ्या पानाला झोप लागली, ती तुम्हालाच ना?”

हरिओम ओशाळले. “हो. गंमत केली. मॅडम, मी त्याच्या पुस्तकाला नावं ठेवतो, पण त्याचं नाव फोडत नाही. त्याच्या पोटावर पाय देऊन मला काय मिळणार?”

नागसेनचं घर गावाच्या कडेला होतं. ओसरीत बाजेवर त्याचे वडील आश्रुबा बसले होते, डोक्याला पंचाचे दोन वेढे. मोतीबिंदूने नजर गेलेली, पण पावलांच्या आवाजावरून माणूस ओळखण्याची हौस दांडगी.

“ये लेकरा, बस,” ते परमेश्वरला म्हणाले.

साठीचा परमेश्वर लाजला. मग रेणुकाच्या कानाशी लागून म्हणाला, “कादंबरीतला केरबाबी डिट्टो असाच बोलतो बघ. सगळ्यांना लेकरा म्हणतो. पंचाबी तसाच.”

“आबा, लेकाची कादंबरी कशी वाटली?” रेणुकाने विचारलं.

“मला कुठं वाचाया येतंय बाई? सूनबाईनं वाचून दावली, रोज सांजच्याला थोडी थोडी. लय भारी लिव्हलंय! शेवटाला तर सत्काराचा परसंग असा हाय, गुलाल काय, हलग्या काय, ऐकता ऐकता डोळ्याला पाणी आलं. आता साहेबाचे कुणीतरी कान भरले म्हून ह्यो इपरीत परकार. साहेब तसा मानूस न्हाई. त्याच्या बोर्डिंगवर राखणदार होतो म्या. ह्या नागसेनला त्यानंच नोकरीला लावलं. अजून बी गेलो की च्या पाजल्याबिगर सोडीत न्हाई.”

मग काठी टेकत ते शेजारच्या ओट्यावर गप्पा मारायला गेले. धम्मशीला पाणी घेऊन आली, तिच्या मागोमाग नागसेनही आतून आला.

“तुम्हाला कशी वाटली कादंबरी?” रेणुकाने तिलाही तेच विचारलं.

“मला न्हाई आवडली. छापू नका म्हणलं होतं मी. माणसं लगेच ओळखू येतात.”

“अध्यक्ष?”

“सगळीच,” ती म्हणाली आणि रिकामा तांब्या उचलून आत निघाली.

“ताई, थांबा,” रेणुका म्हणाली. मग नागसेनकडे वळली. “सर, आम्ही असंच परत गेलो तर चालेल? पैसे नकोत मला.”

“न्हाई. कोण ते सांगा,” नागसेन म्हणाला. त्याचा आवाज चढला होता.

रेणुकाने सुस्कारा टाकला. “मग बसा. ताई, तुम्हीपण बसा. चुगलखोर माणूस अध्यक्षांकडे जाऊन काय म्हणेल? साहेब, त्या मास्तरानं तुम्हाला खुनी केलंय, असंच म्हणेल. हे ऐकून कुणी शाल घालत नाही. पण यांनी घातली. भाषणात पुरात उडी घेणारा पुढारी आला, केरबाचा खून आला नाही. म्हणजे त्यांना कादंबरी सांगितली गेली ती अर्धीच, आणि स्तुती म्हणून. पुढची अर्धी त्यांना सत्कारानंतर कळली. भर सभेत शाल घालून बसल्यावर.”

“म्हणजे सांगणाऱ्यानं कपट केलं?” परमेश्वर म्हणाला.

“नाही दादा. सांगणाऱ्याला तेवढीच माहीत होती. प्रियांका केरबासाठी रडली, सोळंके सर शेवटाला नावं ठेवतात. दोघांना शेवट पाठ आहे. सत्कारावर कादंबरी संपते असं समजणारं माणूस एकच आहे.”

परमेश्वरने हातातल्या पुस्तकाकडे पाहिलं. खूण बरोबर मध्ये होती. “सत्कार मध्ये हाय,” तो हळूच म्हणाला. “आणि आबा म्हणले, शेवटाला.”

नागसेन उठून उभा राहिला. “आबांना कुणी अर्धीच वाचून दाखवली? का?”

धम्मशीलाने पदर तोंडाशी धरला. “केरबाला मारतात ते कसं वाचून दाखवू त्यांना? केरबा म्हणजे तेच की हो. पंचा तोच, बोलणं तेच. दुसऱ्याच दिवशी मला म्हणले, सूनबाई, ह्यो नावाडी म्हंजे मीच, न्हवं का? किती खूश झाले होते. त्यांच्या तोंडावर त्यांना वाळूत पुरलेलं वाचू? म्हणून सत्कार झाला आणि म्हणलं, संपली आबा. ते कुठं बोलतील असं वाटलंच न्हाई मला.”

“आणि ते अध्यक्षांकडे गेले,” रेणुका म्हणाली, “लेकाचं कौतुक सांगायला. साहेब, माझ्या पोरानं तुमच्यावर पुस्तक लिव्हलंय, तुमास्नी देवमाणूस केलंय. तुम्ही तिघांवर संशय घेतलात, सर. घरातल्या चौथ्याला मोजलंच नाही.”

नागसेन भिंतीला टेकून खाली बसला. त्याला रागवायलाही कुणी उरलं नव्हतं. बायकोने माया केली, बापाने अभिमान मिरवला, आणि बापाला कादंबरीत मारणारा तर तो स्वतःच होता. रेणुकाच्या मनात आलं, सोयरिकीच्या कामात निदान नाही म्हणून मोकळं होता येतं.

एवढ्यात काठीचा आवाज आला. आश्रुबा आत आले ते ताठ मानेने.

“नागसेन, ठरवलं म्या. उद्या पयल्या गाडीनं गंगाखेडला जातो, साहेबाला भेटतो. मला काय वाटायलंय, साहेबानं पुस्तक पुरतं वाचलंच न्हाई. शेवट वाचला असता तर असं केलंच नसतं. शेवटाला सत्कार हाय की त्याचा!”

“आबा, नका जाऊ,” नागसेन म्हणाला.

“का म्हून?”

खरं सांगावं तर बापाला कळणार होतं की लेकाची भाकरी आपणच घालवली. न सांगावं तर तो उद्या हात जोडून अध्यक्षांच्या बंगल्यासमोर उभा राहणार होता.

“सूनबाई, ते शेवटचं वाच बरं पुन्यांदा. नीट ध्यानात ठिवतो. साहेबाला सांगताना चुकाया नगं.”

धम्मशीलाने परमेश्वरच्या हातातून पुस्तक घेतलं. खुणेपाशी उघडलं. तिने वाचलं. हलग्या वाजल्या, गुलाल उडाला, दादासाहेबांच्या गळ्यात हार पडले, आणि गर्दीत उभा असलेला म्हातारा केरबा नावाडी टाळ्या वाजवत राहिला. मग ती थांबली.

“संपलं?” आश्रुबांनी विचारलं.

“संपलं, आबा.”

म्हाताऱ्याने लेकाच्या दिशेने तोंड वळवलं. “व्हय रं नागसेन? हितंच संपवलंस न्हवं?”

“हो आबा,” नागसेन म्हणाला. “इथंच.”

“ब्येस केलंस लेकरा. एवढं समदं चांगलं झाल्यावर फुडं आणि लिव्हायचं तरी काय!”