कौतिकच्या पाठीतले ठोके

तेजस, मोहिनी, मोटारसायकलवर मागे बसलेल्या माणसाच्या छातीचे ठोके कधी लागलेत का तुमच्या पाठीला? असोद्याला आमच्या शेजारी राहतो तो कौतिक, त्याला लागले. गेल्या वर्षी, चंपाषष्ठीच्या रात्री.

त्याच्या वडिलांना, तोतारामआबांना, थोडं चाललं की दम लागायचा. म्हणून संध्याकाळी त्यांना जळगावला नेलं. डॉक्टरीणबाईंनी निजवून छातीवर मशीन फिरवलं.

"हृदयाचं पंपिंग साठ टक्के. चांगलं आहे."

आबा कौतिककडे बघून हसले. "तुले दहावीले बेचाळीस होते. चाल घरी, भरीत थंड होईन."

"थांबा," बाई म्हणाल्या. "पंपिंग कमी असतं तर या तपासणीत लगेच कळलं असतं. पण हृदय ताठर झालं असेल, तर आकडा चांगला येऊनही दम लागतो. आजची रात्र त्यांना इथेच राहू द्या."

कौतिकने साठ तेवढंच ऐकलं. आबांना झोक जाऊ नये म्हणून उपरण्याने स्वतःच्या पाठीशी बांधलं आणि निघाला.

शहर मागे पडलं. दोन्हीकडे केळीच्या बागा. चांदणं होतं, पण पानांखाली उतरत नव्हतं. पाठीला आबांच्या छातीचे ठोके लागत होते. त्याला धीर वाटला.

"आबा, थंडी वाजते का?"

...

"आबा?"

ठोके होते. झोप लागली असेल, असं त्याला वाटलं.

मग लक्षात आलं... मानेवर श्वास लागत नाही.

त्याने हात मागे नेला. आबांचा हात गार. बोटं मिटेनात.

गाडी थांबवली. इंजिन बंद केलं.

धड... धड... धड...

मागे वळून बघायचं धाडस झालं नाही.

तो तसाच गाडी घेऊन घरी आला. अंगणात मी आणि शेजारच्या वनाने उपरणं सोडलं. गावातले डॉक्टर आले. म्हणाले, जळगाव सोडतानाच गेले असावेत.

"नाना," कौतिक मला म्हणाला, "मग पाठीत काय वाजत होतं?"

मी त्याच्या पाठीवर हात ठेवला... आणि काढून घेतला.

सकाळी त्याच्या बायकोने, कामिनीने, त्याचा रात्रीचा सदरा बादलीत भिजत घातला आणि बाजूला झाली. बादलीला कुणाचा हात नव्हता. पाण्यावर वलयं उठत होती, एकेका ठोक्याला एक.