एका फुलाला दोन प्रश्न

हँडल माझ्या हातात होतं, पण कुठे जायचं ते स्कूटर तिचं तीच ठरवत होती. बन्नीमंटपाच्या मैदानाबाहेरच्या रस्त्यावर बाबा मला गाडी शिकवत होते आणि मी जात्याच भित्री... समोर कट्ट्यावर एक मुलगा पाय सोडून वाचत बसलेला दिसला, तशी घाबरून ब्रेकऐवजी मी ॲक्सिलरेटरच पिळला. तो उडी मारून बाजूला झाला. त्याचे कागद मात्र ओल्या रस्त्यावर पसरले.

मी उतरून ते गोळा करायला लागले. कुठल्या वयाची किती माणसं वर्षभरात दगावतात, त्याचा तक्ता होता तो. पाहताक्षणी ओळखला, कारण तसाच तक्ता माझ्याही टेबलावर होता.

"माझ्या वयाच्या पुरुषांना फारसा धोका नसतो, असं आत्ताच वाचत होतो," तो पँट झटकत म्हणाला. "त्यात तुमची स्कूटर धरलेली दिसत नाही."

त्याचं नाव हयग्रीव. आमच्यासारखंच घरात मराठी आणि दारात कन्नड बोलणारं, पिढ्यान्‌पिढ्या म्हैसूरचं झालेलं त्याचं घर. त्याला ॲक्चुअरी व्हायचं होतं, म्हणजे विमा कंपन्यांसाठी माणसांच्या जगण्यामरण्याचं गणित मांडायचं होतं. मलाही तेच व्हायचं होतं. अख्ख्या म्हैसुरात हे खूळ डोक्यात घेतलेली माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, आणि त्यातल्याच एकाला मी चिरडायला निघाले होते.

बी.एस्सी. झाल्यावर माझ्यापुढे दोन वाटा होत्या. मुंबईला विद्यापीठात दोन वर्षं शिकायचं, तिथे गुण चांगले पडले की सुरुवातीचे बरेच पेपर माफ होतात. नाहीतर घरी राहून, नोकरी सांभाळत, बाहेरून एकेक पेपर देत राहायचं. हयग्रीव या दुसऱ्या वाटेवर होता, कितीतरी वर्षं. एका पेपरात तो अडकला होता. कुठल्या, असं विचारलं की तो आणखी एक कॉफी मागवायचा.

त्या कॉफीच्या निमित्ताने आम्ही गोकुलमच्या एका हॉटेलात भेटू लागलो. तो गणितं समजावायचा. माझा पेला गरम असला की बोलता बोलता स्वतःच्या रुमालात गुंडाळून माझ्याकडे सरकवायचा, आणि मला त्यानंतरचं गणित समजायचं नाही. त्याच्या ते लक्षात यायचं. "स्वल्प इकडे बघ," तो कागदावर बोट ठेवून म्हणायचा, आणि स्वतः माझ्याकडे बघायचा.

रविवारी तो मोटारसायकलवरून लांब बैलकुप्प्याला, तिबेटी वसाहतीतल्या मुलांना शिकवायला जायचा. पावसात रस्ता निसरडा होई. त्याच्या वयाचे लाखात किती जातात हे मला तोंडपाठ होतं, आकडा अगदी लहान होता. पण तो काही लाखभर नव्हता, एकटाच होता. तो पोचल्याचा फोन येईपर्यंत मी देवघराच्या उंबऱ्यावर बसून राहायची. माझा जीव त्याच्यावर जडलाय हे मला तिथेच कळलं, आणि कळल्यावर तर जास्तच भीती वाटायला लागली.

मुंबईहून प्रवेश मिळाल्याचं कळलं. हो किंवा नाही कळवायला फार वेळ नव्हता. मी रोज बेत बदलत होते. शेवटी माझ्या आत्याने, शांताक्काने, विठ्ठलाला विचारायचं ठरवलं. आमच्या घरी मोठा प्रश्न आला की मूर्तीच्या दोन्ही खांद्यांना ओली फुलं चिकटवतात. उजवं आधी गळलं तर देव हो म्हणाला, डावं गळलं तर नाही. प्रश्न मनातच विचारायचा असतो.

शांताक्काने डोळे मिटून विचारलं, पोरीला मुंबईला पाठवू का? हे तिने नंतर सांगितलं. मीही तिच्यामागे हात जोडून उभी होते. न राहवून मीही मनात विचारलं... मी इथेच राहू का?

उजवं फूल गळलं.

"मुगीतु, झालं," शांताक्का म्हणाली. "आता मागे फिरायचं नाही कणे, पोरी. बॅग काढ."

बाबा पेढे आणायला गेले. मी गारठून उभी राहिले. देव नक्की कुणाला हो म्हणाला? मी मध्येच तोंड खुपसल्याचं घरात कुणाला सांगायची माझी छाती नव्हती.

हयग्रीवला सांगितलं, कुक्करहळ्ळी तळ्याच्या काठावर. तो आधी डोळ्यांत पाणी येईतो हसला. एका फुलाला दोन उलटे प्रश्न म्हणजे उत्तर काहीच नाही, असं म्हणाला.

"मग तुम्हीच सांगा," मी म्हटलं. "राहू?"

त्याचं हसू गेलं. "राहावंसं का वाटतं तुला?"

"मुंबईची भीती वाटते."

"आणि?"

"आणि... इथे तुम्ही आहात ना."

 तो पाण्याकडे बघत सांगू लागला. त्यालाही एकदा विद्यापीठात जागा मिळाली होती. वडिलांची तब्येत, नोकरी, अशी कारणं त्याने सगळ्यांना सांगितली, पण खरं तर तो भ्याला होता. तो अडकलेला पेपर तर आता तो देतही नव्हता. गेल्या खेपेला बेंगळुरूला परीक्षेच्या दारापर्यंत गेला आणि डोसा खाऊन परत आला. घरी सांगितलं, नापास झालो.

"नोडु, हे बघ वेदा, तू राहा म्हणायला जीव तुटतोय माझा," तो म्हणाला. "पण तू राहिलीस तर आपण दोघं मिळून घाबरत बसू."

"म्हणजे मी जावं असं वाटतं तुम्हाला?"

"नाही वाटत. मला तू आवडतेस, फार आवडतेस... म्हणून जा."

मला आनंदही झाला आणि रागही आला. आवडते म्हणायचं आणि त्याच दमात घालवून द्यायचं, ही कुठली रीत?  तरी मी त्याच्याकडे वळून बसले.

"जाईन. पण नोव्हेंबरला तू तो पेपर द्यायचास."

तू म्हटलेलं ऐकून तो चमकला, आणि पेपर ऐकून पांढरा पडला. "परत तो पेपर गेला तर?"

"तर खरं काय झालं ते मला फोन करून सांगायचं. डोसा खाल्लास तर तेही सांगायचं."

"आणि तिथे तुला कुणी दुसरं..." 

"माहीत नाही," मी खरं तेच सांगितलं. "मलाही तीच भीती वाटते, तुझ्याबद्दल."

त्याने हात पुढे केला. आजवर त्याने पेला सरकवला होता, कागद सरकवले होते, हात कधी दिला नव्हता. मी तो घेतला. घामाने ओला होता आणि गार होता, माझ्या हातासारखाच. अंधार पडायला लागला, तळ्यावर फिरायला आलेली ओळखीची माणसं आमच्याकडे बघत घरी परतू लागली, तरी आमच्यातल्या कुणीच हात सोडला नाही.