चादरीवरचा लॅपटॉप

दुकानात पाऊल टाकलं आणि लाइट गेली!

श्रीदेवी दारातच थबकली. नवी पेठेतलं ते कॉम्प्युटरचं दुकान एकदम अंधारलं, डोक्यावरचा पंखा थांबला आणि सोलापूरचा एप्रिल तिच्या मागोमाग आत शिरला.

"घाबरू नका, येईल इतक्यात," काउंटरमागून आवाज आला. "बसा की."

"घाबरतंय कोण?" श्रीदेवी म्हणाली. "लॅपटॉप पाहिजे. लग्नाच्या फिल्म करते मी, त्या एडिट करायला. आणि… थोडेफार गेमही चालले पाहिजेत."

"गेम कोण खेळणार?"

"भाऊ."

"थोरला की धाकटा?"

आता आली का पंचाईत! भाऊ असता तर सांगितलं असतं ना. श्रीदेवी घरात एकुलती एक.

"मीच खेळते," ती शेवटी म्हणाली. "काही म्हणणं आहे?"

"छे ओ," तो हसला. हसताना त्याच्या डाव्या गालाला खळी पडते, हे तिला अंधारातही दिसलं. खळी बघायला लाइट लागत नाही वाटतं!

त्याचं नाव रेवणसिद्ध. दुकान मामाचं, पण चालवायचा हाच. लाइट आल्यावर त्याने एकेक लॅपटॉप उघडला. हा पातळ, देखणा; पण वेगळं ग्राफिक्स कार्डच नाही, फिल्म जोडायला बसलात की रडवेल. तो तिकडचा राक्षस, दिवसभर नुसते गेम खेळणाऱ्यांचा. लग्नाच्या हॉलवर न्यायचा तर हमाल बघावा लागेल.

"तुम्हाला मधलं कार्ड बास," तो म्हणाला. "व्हिडिओ पळतील, गेमही चालतील. रॅम मात्र सोळाच्या खाली घेऊ नका."

"आणि स्क्रीन?"

"स्क्रीन काय, सगळ्या सारख्याच की."

"सारख्या?" तिने मोबाइल पुढे केला. नानांनी, म्हणजे तिच्या वडिलांनी, विणलेल्या एका चादरीचा फोटो तिने दोन लॅपटॉपवर शेजारी शेजारी लावायला लावला. "बघा नीट. इथं डाळिंबी रंग डाळिंबी दिसतोय, तिथं विटकरी. नवरीचा शालू विटकरी दिसला तर मांडवातच हाणतील मला!"

रेवणसिद्ध बघतच राहिला. स्क्रीनकडे… की तिच्याकडे, देव जाणे. कार्ड त्याने निवडलं, स्क्रीन तिने. असा तो लॅपटॉप ठरला.

श्रीदेवीची ही पहिलीच स्वतःची ऑर्डर होती. हैदराबादच्या मावशीने तिकडे तिच्यासाठी नोकरी बघून ठेवलेली, आणि नानांनी साफ सांगितलं होतं, "ही फिल्म वेळेत दिलीस तर हितंच कर तुझं काम. न्हाईतर सामान बांध." तिला सोलापूर सोडायचं नव्हतं. आधीही नव्हतं, आणि त्या खळीनंतर तर मुळीच नव्हतं.

पण म्हणतात ना, घाईत घाई अन् विंचू डसला गं बाई! फिल्म तयार झाली, आणि शेवटी सगळी जोडून बाहेर काढायला लावली की लॅपटॉप तापायचा, फुरफुरायचा आणि पटकन बंद पडायचा. श्रीदेवी तरातरा दुकानात गेली.

"फसवलंत मला!"

रेवणसिद्धचा चेहरा खाडकन उतरला. त्याने तिच्यासमोर टेबलावर ठेवून लॅपटॉप चांगला राबवून पाहिला. बंद पडायचं नाव नाही! तिने घरी नेला, की पुन्हा बंद. परत दुकानात आणला, की शहाण्या बाळासारखा चालू.

"फिल्म इथंच बसून काढा ना," तो म्हणाला.

"आज काढेन. पुढच्या वेळी? दर फिल्मला तुमच्या दुकानात बिऱ्हाड करू का?"

"करा की…" त्याच्या तोंडून निघून गेलं, आणि कान लालबुंद झाले. "म्हणजे… मी घरी येऊन बघतो. आत्ताच येतो."

फिल्म संध्याकाळी द्यायची होती. श्रीदेवी नाही म्हणाली नाही.

तिचं घर अशोक चौकाच्या मागे. आतल्या खोलीत चादरीचा विजेवरचा माग दिवसभर खडखडायचा, त्यामुळे त्या घरात कुणी हळू बोलतच नसे. बोलून उपयोगच नव्हता. रेवणसिद्ध आत आला, टेबलाकडे पाहिलं आणि पोट धरून हसायला लागला.

लॅपटॉप बसला होता चौपदरी घडी घातलेल्या जाडजूड सोलापुरी चादरीवर! नव्या वस्तूला चरे पडू नयेत म्हणून श्रीदेवीने खास नानांच्या हातची अंथरली होती.

"अहो, ह्याची श्वास घ्यायची भोकं खाली असतात! भर उन्हाळ्यात चादरीत कोंबलंय तुम्ही त्याला!"

"काय बिघडलंय ओ?" माग बंद करून नाना बाहेर आले.

रेवणसिद्धने हसू आवरलं. चादरी विणणाऱ्याच्या घरात चादरीला नावं ठेवायची कशी?

"तसं नाही, काका… तुमची चादर लई भारी आहे."

"मग?"

"तिच्यातनं वाराच जात नाही."

नानांनी भुवया चढवल्या. आणि मग नाना असे हसले, असे हसले की डोळ्यांत पाणी! "हात्तिच्या! वारा जात न्हाई, हीच तर तिची खासियत हाय की!" हसतच ते परत मागाकडे गेले.

रेवणसिद्धने भोकांत अडकलेली सुताचे बारीक तंतू ब्रशने झटकले. लॅपटॉप लाकडी पाटावर ठेवला, मागच्या बाजूला मागावर सूत गुंडाळायच्या दोन रिकाम्या कांड्या सरकवून उंच केला. फिल्म लावली. पट्टी हळूहळू पुढे सरकू लागली… थांबली नाही.

"एक सांगू?" तो म्हणाला.

"मोठ्यानं! माग चालू आहे!"

"हा बंद पडायचा ना… वाईट वाटायचं मला, पण बरंही वाटायचं! तुम्ही परत यायच्या!"

"हा असाच बंद पडत राहिला असता तर मी हैदराबादला गेले असते! कायमची!"

त्याची खळी मावळली. "आधी का नाही सांगितलंत?"

"सांगून काय केलं असतं?"

"दुकानातलं टेबल उचलून आणलं असतं इथं!"

श्रीदेवीला हसू आलं, आणि लगेच धस्स झालं. पट्टी संपत आली होती. आता फिल्म निघेल, हा 'येतो' म्हणेल, आणि लॅपटॉप नीट चालायला लागला की दुकानात जायला निमित्त कसलं? ती पुढे झुकून काहीतरी म्हणाली.

"काय?" त्याने कान पुढे केला.

ती पुन्हा म्हणाली. मागाने तेही गिळलं.

"ऐकूच येईना ओ!"

मग मात्र तिने सगळा जीव एकवटला. "मला तुम्ही आवडता!"

आणि नेमकी तेव्हाच लाइट गेली. माग गप्प, पंखा गप्प. तिचं 'आवडता' घरभर घुमलं, बहुधा शेजारीही पोचलं. स्वयंपाकघरात तिच्या आईच्या, अम्माच्या, हातून भांडं पडलं.

श्रीदेवीने ओंजळीत तोंड लपवलं. बोटांच्या फटीतून तिला दिसलं, बॅटरीवर चालणाऱ्या लॅपटॉपची पट्टी शेवटाला पोचली होती. फिल्म निघाली होती. हैदराबाद टळलं होतं.

"मलाही," रेवणसिद्ध अगदी हळू म्हणाला.

आतून नाना खाकरले. "पोरीचं ऐकू आलं. पोराचं न्हाई आलं!"

रेवणसिद्ध उठून उभा राहिला. घाम पुसला, घसा साफ केला.

"मला पण, काका… लई आवडते ती!"