दक्षिणेच्या भिंतीची ओल

"पुन्हा आली!" कोतवाल चावडीच्या पायऱ्या चढता चढताच गोपाळकृष्णपंत ओरडले. "तीनदा गिलावा केला, तरी भिंत ओली ती ओलीच. चैत्र संपला, आभाळात ढग नाही, आणि माझ्या घरात पाणी मुरतंय!"

कोतवालांनी दत्तोबा गवंड्याला तिथल्या तिथे बेड्या घातल्या. चुन्यात लबाडी केली म्हणून उद्या सकाळी चावडीपुढे कोरडे ओढायचे, असा हुकूमही सुटला.

दत्तोबानं कारकून श्रीनिवासपंतांचे पाय धरले. "पंत, चुना चोख हाय. लेकराची आण घेतो. एकदा जाऊन बगा तरी."

पंतांना त्याची कणव आली असं म्हणायला हरकत नाही. पण खरं सांगायचं तर त्यांना कोडं दिसलं होतं, आणि कोडं दिसलं की पंतांना जेवण गोड लागत नसे. बुधवार पेठेत त्यांच्या हुशारीचा मोठा बोलबाला होता. तो करणाऱ्यांत पंत स्वतः सगळ्यांच्या पुढे असत.

गोपाळकृष्णपंतांचं घर चावडीपासून हाकेच्या अंतरावर होतं. श्रीनिवासपंतांनी आधी बाहेरून भिंतीला फेरी घातली. मागच्या बोळात धूळ उडत होती आणि भिंतीची बाहेरची बाजू खडखडीत कोरडी होती. छपराची कौलं शाबूत होती. हौद तर अंगणाच्या दुसऱ्या टोकाला होता.

मग दोघे कोठीच्या खोलीकडे वळले. कोठीच्या दारात गोपाळकृष्णपंतांचं कपाळ ठेंगण्या चौकटीवर सणकून आपटलं. श्रीनिवासपंत गालातल्या गालात हसले. मागून दिवा घेऊन आलेली गोपाळकृष्णपंतांची सून सगुणा सवयीनं वाकली, आत गेली आणि दिवा कोनाड्यात ठेवून निघून गेली.

ओल जमिनीपासून हातभर चढली होती. खाली रुंद, वर निमुळती. भिंतीच्या पायथ्याशी उंदराचं बीळ होतं. त्याच्या तोंडाशी चिखल होता आणि चिखलात दोन-तीन कोवळे कोंब फुटले होते. पंतांनी नखानं माती उकरली. फुगलेले तीळ हाताला लागले, काळे तीळ.

"उंदीर नेत असतील त्या तिळाच्या मडक्यातले," गोपाळकृष्णपंत कपाळ चोळत म्हणाले.

श्रीनिवासपंतांनी मडक्यात हात घातला. "हे पांढरे आहेत. काळे तीळ घरात कुठे असतात?"

"माझ्या संध्येच्या डब्यात. तर्पणाला लागतात."

"तर्पण कुठे करता?"

"नदीवर. आपण काय माळ्यावर करता?"

"डबा लवकर रिकामा होतो?"

"हल्ली होतो खरा. का हो?"

"आणि ही भिंत दक्षिणेची ना?"

"अहो, मी ओलीचं विचारतोय. घराची पत्रिका नाही मांडायला सांगितली!"

श्रीनिवासपंतांचे डोळे लकाकले. "चिरंजीवांची काही खबर?"

गोपाळकृष्णपंतांचा आवाज एकदम खाली आला. एकुलता एक श्याम कर्नाटकच्या स्वारीत फौजेबरोबर कारकून म्हणून गेला होता, त्याला दोन वर्षं होत आली होती. स्वयंपाकघरातून त्यांच्या पत्नी आनंदीबाई म्हणाल्या, "येईल. मी रोज त्याचं पान वाढून ठेवते. वाढलेल्या पानाला माणूस येतोच."

पंतांना एवढं पुरेसं होतं. त्यांनी सगळ्यांना ओसरीवर बोलावलं. आनंदीबाई आणि सगुणा दाराआड उभ्या राहिल्या. पंतांनी उपरणं सारखं केलं आणि घसा साफ केला.

"दत्तोबाचा दोष नाही. पाणी वरून येत नाही, बाहेरूनही नाही. घरातलंच माणूस रोज तांब्याभर पाणी त्या बिळात ओततं. त्यात काळे तीळ असतात आणि तोंड दक्षिणेकडे असतं. असं पाणी कोणाला देतात, हे आपल्याला सांगायला नको. अंगणात टाकलं तर तीळ मोलकरणीच्या नजरेला पडतील, म्हणून बीळ शोधलं. नदीवर नाव-गोत्र उच्चारलं की शेजारचा ऐकणार, म्हणून कोठी शोधली. ज्याचं मरण लपवायचंय, त्याचं हे तर्पण आहे." पंत जरा थांबले. ऐकणाऱ्यांना थांबवून ठेवण्यात त्यांना मोठी मौज वाटे. "गोपाळकृष्णपंत, श्याम गेल्याचं आपल्याला ठाऊक आहे. घरच्यांना कळू नये म्हणून आपण एका गरीब गवंड्याची पाठ..."

"श्याम गेला?" गोपाळकृष्णपंत म्हणाले.

तो आवाज सोंग घेणाऱ्याचा नव्हता. म्हाताऱ्याचं तोंड उघडं राहिलं होतं आणि कपाळावर चौकटीचं टेंगूळ आलं होतं. श्रीनिवासपंतांनी ते टेंगूळ पाहिलं आणि त्यांना कोठीची चौकट आठवली. रोज त्या खोलीत जाणारा माणूस चौकटीवर डोकं कशाला आपटेल? ते त्यांच्या डोळ्यांदेखत घडलं होतं आणि ते नुसते हसले होते. त्यांनी एका बापाला मुलाच्या मरणाची बातमी दिली होती, तीही टाळीच्या अपेक्षेनं.

"मामंजी नाहीत, मी," दाराआडून सगुणा पुढे आली. "पाणी मी देते. पुत्र नसलेल्या विधवेनं नवऱ्याला रोज तिळपाणी द्यावं, असं पुराणात ऐकलं होतं."

तिच्या कपाळावर कुंकू ठसठशीत होतं. त्याच्याकडे बघण्याची कोणाचीच छाती झाली नाही.

"भाद्रपदात त्यांच्या पथकातला बजरंग आला होता. आपण दोघं कीर्तनाला गेला होतात. ते तापानं गेले म्हणाला. मी त्याला हात जोडले, कोणाला सांगू नकोस म्हणून."

"का?" गोपाळकृष्णपंतांनी कसंबसं विचारलं.

"सासूबाईंना धक्का बसेल म्हणून, असं सांगता आलं असतं. पण ते खोटं आहे. केसांसाठी. मला माझे केस हवे होते." तिनं आपल्या बोटांकडे पाहिलं. "सकाळी कुंकू लावायचं आणि त्याच बोटांनी त्यांना पाणी सोडायचं. लग्नातल्या उखाण्यानंतर जे नाव कधी घेतलं नाही, ते भिंतीशी कुजबुजायचं. दत्तोबाला बेड्या पडल्याचं कळलं, तेव्हाच बोलायला हवं होतं. तेव्हाही मी गप्प बसले. मी पापी आहे."

आनंदीबाई तिच्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. "मी त्याचं पान वाढत होते आणि तू बघत होतीस?"

"हो."

आनंदीबाईंनी हात उगारला. सगुणा जागची हलली नाही. तो हात खाली आला, पदर घेऊन तिच्या कपाळावर टेकला आणि कुंकू पुसून गेला. मग आनंदीबाईंनी तिचं डोकं छातीशी घट्ट धरलं.

"शास्त्राप्रमाणे न्हाव्याला..." गोपाळकृष्णपंत पुटपुटले.

"न्हाव्याचं नाव काढू नका!" आनंदीबाई कडाडल्या. "शास्त्रानं सांगितलेलं पाणी तिनं रोज दिलं. तहानेल्या लेकराला आपण काय दिलं? गार झालेलं पान! हिच्या केसांना कोणी हात लावायचा नाही. आणि पंत, आपण आधी त्या दत्तोबाला सोडवा. उंदरांनी भिंत पोखरली म्हणून सांगा."

"आनंदीबाई, माझ्या तोंडून जे..."

"ते झालं आता."

श्रीनिवासपंत उठले, पण पाय निघेना. गोपाळकृष्णपंत अंगणात गेले, अंगावर दोन घागरी ओतून घेतल्या आणि ओलेत्यानं कोठीत येऊन दक्षिणेकडे तोंड करून बसले. ओंजळीत पाणी घेतलं, तीळ घेतले. गोत्र उच्चारलं. पन्नास पितरांची नावं घडाघडा म्हणणारा तो माणूस मुलाच्या नावाशी अडला आणि पाणी बोटांमधून गळायला लागलं.

"श्याम," मागून सगुणा म्हणाली, सगळ्या घराला ऐकू जाईल अशी.