सुरावटीची शेवटची ओळ

"आई, वाजवता वाजवता तू मधेच थांबलीस, तर पेशंट धाडकन पडतील का गं?"

प्रश्न तिचा नव्हता, तिच्या वर्गातल्या चष्मिस मैत्रिणीचा होता. मधल्या सुट्टीत पैज लागली होती, आणि पैज म्हटलं की हल्ली हिच्या अंगात वारं शिरायचं. आधी हजेरीला 'हजर' म्हणतानाही हिचा आवाज फुटत नसे. तेव्हा मैत्रिणींनी ठेवलेलं 'म्यूट' हे नाव अजून चिकटून होतं, पण आता वर्गशिक्षिकाच हात जोडून म्हणायच्या, "बाई गं, मधे जरा श्वास तरी घे!"

आई कीबोर्डवरची धूळ पुसत होती. हॉस्पिटलातल्या चालण्याच्या हॉलमध्ये ती फिजिओथेरपिस्ट होती. लांबट हॉल, दोन्ही बाजूंना धरायला गुळगुळीत दांडे, फरशीवर पिवळ्या पट्ट्या आणि टोकाला भिंतभर आरसा. अर्धांगवायूनं ज्यांचे पाय रुसलेत, त्यांना आई तिथं सुरांवर चालायला शिकवायची. मेंदूकडून पायाकडे जाणारा हमरस्ता बंद पडला, तरी सूर कुठल्याशा गल्लीबोळातून पायापर्यंत पोचतो, असं ती म्हणायची. त्यासाठी तिनं स्वतःच चार ओळींची एक सुरावट बांधली होती. पहिल्या तीन ओळी पाय पुढे नेत. चौथी सावकाश खाली उतरून त्यांना थांबवी.

"पडतील कशाला?" आई म्हणाली. "पण मधे थांबायचं नाही. चौथी ओळ संपवल्याशिवाय हात उचलायचा नाही."

"का पण?"

"पाय शेवटाची वाट बघत राहतात म्हणून. आणि हे प्रश्न कुणाच्या डोक्यातून आलेत ते कळतंय हं मला."

रविवारी आईबरोबर तीही हॉलमध्ये जायची. सुरावट तिला झोपेतही वाजवता आली असती. तिचे लाडके पेशंट म्हणजे पोस्टमन आजोबा. सगळा जन्म पायी पत्रं वाटण्यात गेलेला. आता उजवा पाय हट्टाला पेटलेला. "संपावर गेलाय," ते म्हणायचे. "मागण्या काय आहेत तेही सांगत नाही, लेकाचा." त्यांच्या घरासमोर, रस्त्यापलीकडे, आजींचं शिवणाचं दुकान होतं. दुपारी आजींचा डबा पूर्वी तेच घेऊन जायचे. आता आजी मशीन थांबवून, दुखरे गुडघे धरत, जेवायला घरी यायच्या. आजोबांना तेवढा रस्ता ओलांडायचा होता. डबा हातात घेऊन. एकट्यानं.

त्या रविवारी ते जवळजवळ आरशापर्यंत पोचत होते. आईला फोनवर बोलावणं आलं. "वाजव गं," म्हणून ती बाहेर गेली. काचेच्या दारापलीकडे चष्मिस आणि बाकीच्या दोघी नाकं चपटी करून उभ्या. चष्मिसनं तळहात वर केला. थांब.

तिसरी ओळ संपली आणि हिनं हात उचलले.

आजोबा पडले नाहीत. उजवा पाय जमिनीपासून जरासा वर, तसेच राहिले. दाराबाहेर कुणी तरी फिस्सकन हसलं. आरशातून आजोबा तिच्याकडे पाहत होते.

"पुढं?" त्यांनी विचारलं.

ती हसत हसत चौथी ओळ वाजवायला वाकली. बोटं पट्ट्यांवर आली आणि नुसतीच राहिली. ओळ सुचेना. घरातला नेहमीचा दिवा लावायला हात जावा आणि भिंतीवर बटणच नसावं, तसं झालं.

आई परतली. आजोबांना खुर्चीत बसवताना पाय कसाबसा खाली दाबावा लागला.

"आई, शेवटची ओळ वाजव ना."

आईनं वाजवलं. तीन ओळी. मग हात मांडीवर ठेवले.

"आणि चौथी?"

"चौथी कुठली? एवढीच तर आहे."

"अगं, तूच बांधलीस ना!"

"मीच बांधली, तर मला माहीत नसणार?" आई म्हणाली, पण तिच्या कपाळावर बारीक आठी होती, नाव विसरलेला माणूस भेटल्यासारखी.

आईच्या फोनवर सुरावट रेकॉर्ड केलेली होती. हिनं घरी आल्यावर ती लावली. तीन ओळी. पुढे काहीच नाही, तरी रेकॉर्डिंग संपलेलं नव्हतं. कान देऊन ऐकल्यावर कळलं की कुणी तरी श्वास रोखून धरलाय.

बाबा शेंगा सोलत म्हणाले, "मला तर एकही गाणं शेवटपर्यंत येत नाही. चालतोय ना मी अजून?" बाबा सुराच्या बाबतीत औरंगजेब होते. ती हसली. हसू लवकर संपलं.

पुढच्या रविवारी आजी आईला सांगत होत्या, "आता चालतात हो, पण सगळं थोडक्यात राहतं. पलंगाच्या आधी थांबतात. घास तोंडापाशी नेतात, तोंडात घालत नाहीत. मी हात धरून घालते. परवा मला हाक मारली, ती पण अर्धीच. आणि झोपले तरी कान लावून पडल्यासारखे."

डॉक्टरांनी तपासलं होतं. सगळं ठीक होतं.

तिला त्याच क्षणी सांगून टाकायचं होतं. जिभेवर आलंही होतं. पण आजींनी तिच्या गालाला हात लावला आणि म्हणाल्या, "तू छान वाजवतेस म्हणून तर उभे राहिले गं ते." मग बोलायचं राहिलं ते राहिलंच. ती रोज कीबोर्डपाशी बसू लागली. चौथी ओळ कशी होती, त्याच्या आसपासचं सगळं आठवे. त्या वेळचा आईचा चेहरा, आजोबांचा टेकलेला पाय. ओळ तेवढी नाही.

मग एका दुपारी शाळा लवकर सुटली. ती आजींच्या दुकानाशी पोचली तेव्हा आजोबा रस्ता ओलांडत होते. हातात डबा. चेहऱ्यावर असा आनंद की दुकानाच्या दारात उभ्या आजींनी तोंडावर हात धरला होता.

एक पाऊल उरलं असताना ते थांबले.

उजवा पाय जरासा वर. समोर फूटपाथ, हात लांबवला तर आजी.

वळणावरून ट्रक आला.

ती धावली. त्यांना ओढलं. झाड ओढावं तसं. आजी हाका मारत होत्या, हॉर्न वाजत होता. हिनं डोळे मिटले आणि तोंडात जे सूर आले ते गायली.

ते सूर तिनं कधी ऐकले नव्हते. ते खाली उतरले, पण आईची ओळ उतरायची त्या बाजूला नाही. अनोळखी जिन्यावरून उतरावं, तसे.

आजोबांनी पाय टेकला. ट्रक मागून गेला.

आजी रडत रडत पुढे झाल्या. आजोबांनी त्यांना वाट दिली. कुणा परक्या बाईमाणसाला देतात तशी, अदबीनं बाजूला होऊन.

त्यानंतर ते उत्तम चालू लागले. आईनं इतर डॉक्टरांना बोलावून दाखवलं. लांब, सरळ ढांगा, हात पाठीशी बांधलेले. घास तोंडात जाऊ लागला, वाक्यं पुरी होऊ लागली. फक्त बोलणं कमी झालं. 'लेकाचा' गेलं, पाय संपावर गेल्याची गंमतही गेली.

एकदा आजींनी तिला दुकानात बोलावलं. टेबलावर आजोबांची पँट होती.

"लग्नापासून ह्यांचे कपडे मीच शिवते," त्या म्हणाल्या. "आता बघ, पायाला आखूड पडतेय. आणि ही चाल ह्यांची नाही." मग मशीनचं चाक हातानं धरून ठेवत म्हणाल्या, "त्या दिवशी तू गायलीस ना? कुणाचं गाणं संपवलंस गं ते?"



दुसऱ्या दिवशी आजोबा घरून निघाले, दुकानावरून गेले आणि आत पाहिलं नाही. शाळेतून येणाऱ्या तिला ते दिसले. ती मागोमाग गेली. बाजार गेला, पूल गेला, तिला माहीत नसलेल्या गल्ल्या सुरू झाल्या. ते कुठेच अडखळले नाहीत. निळ्या फाटकाच्या एका घरापाशी त्यांनी खिशातून किल्ली काढली. दार उघडलं.

"किती उशीर!" आतून एका बाईचा आवाज आला.

आजोबांनी चपला काढून दाराच्या डाव्या कोपऱ्यात सरकवल्या. तिथं फरशीवर तेवढ्याच मापाची झिजलेली जागा होती.

तिनंच आजींना तिथं नेलं. त्या घरातली म्हातारी बाई भांडली नाही. "आमचे हे," एवढंच म्हणाली. "फार वर्षं बाहेर होते." आजोबांनी मान हलवली. आजींनी त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलंच नाही. पायांकडे बघितलं, एकदा वरपासून खालपर्यंत, माप घेताना बघतात तसं.

"हो," त्या म्हणाल्या. "हे माझे नाहीत."

परतताना त्यांनी हिचा हात धरला होता. तिनं रस्त्यातच सगळं सांगितलं. पैज, काचेचं दार, उचललेले हात. आजींनी हात सोडला नाही. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्या संध्याकाळी ती बाबांशेजारी भाजी निवडत बसली. मन आजींच्या दुकानात होतं. आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन थबकली.

"काय गुणगुणतेयस?"

ती गप्प झाली. सूर चालूच राहिले.

बाबा गुणगुणत होते. तीच ओळ. एकही सूर न चुकता, शेवटपर्यंत.

मग ते उठले. हात धुतले, केसांवरून कंगवा फिरवला, बूट घालायला बसले.

"आता कुठं?" आईनं विचारलं.

बाबांनी वर पाहिलं. चेहरा अगदी हसरा होता. "बराच उशीर झाला," ते आईला म्हणाले. "तुम्ही फार केलंत माझं. निघतो आता."

आईच्या हातातला झारा खाली आला.

बाबा दारापाशी पोचले होते. तिनं धावत जाऊन त्यांचं मनगट दोन्ही हातांनी पकडलं. नाडी संथ होती, उतरत चाललेली, अनोळखी जिन्यावरून.

"आई, मी ठरवलंय," ती म्हणाली. आवाज कापत होता, पण फुटला. "मी ह्यांच्याबरोबर जातेय. ते कुठल्याही दाराशी थांबले, तरी हा हात मी सोडणार नाही."